पडवळांच्या जागेवर येणारी जपानी गाडी

हेमंतराव पडवळांनी आयुष्यात थाप अशी एकच मारली, पण ती जपानपासून अंबरनाथ पश्चिमेपर्यंत पुरली.

थापा मारायची त्यांना सवय नव्हती. प्रसंगच तसा ओढवला. नवचैतन्य सोसायटीच्या सभेत चिटणीस जयदेव कोठेकर यांनी घसा साफ करून पुढचा विषय वाचला: ज्या सभासदांकडे चारचाकी नाही, त्यांच्या पार्किंगच्या जागा काढून घेऊन त्या गरजू सभासदांना देणे. कागदावरची भाषा मोघम होती. प्रत्यक्षात चारचाकी नसलेला जागाधारक सोसायटीत एकच होता आणि तो त्या वेळी भिंतीकडच्या खुर्चीवर बसून सभेचे वेफर खात होता. गरजू सभासदही एकच होता. मुलाच्या लग्नानंतर कोठेकरांच्या घरी दुसरी गाडी आली होती आणि ती बिचारी बाहेर रस्त्यावर गुलमोहराखाली, कावळ्यांच्या स्वाधीन उभी असे.

आता ही जागा म्हणजे काय ते सांगायला हवं. इमारतीच्या खाली, जिन्याला लागून, एका खांबाच्या आड एक निमुळता चौकोन. त्यात हेमंतरावांची जुनी स्कूटर असे. पण स्कूटर हे निमित्त. तिच्या शेजारी खांबाला टेकवून एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती आणि संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर हेमंतराव त्या खुर्चीत जाऊन बसत. वर घरात बसायला जागा नव्हती असं नाही, पण बसू देत नसत. बाहेरच्या खोलीत बसले की मुलगी अनुया म्हणे, "बाबा, जरा उठा ना, माझी मीटिंग आहे, मागे तुम्ही दिसताय." स्वयंपाकघरात टेकले की पत्नी मीनाताई म्हणत, "जरा उठा, तुमच्या मागे डाळीचा डबा आहे." पलंगावर बसावं तर नेमकी तेव्हाच चादर बदलायची असे. एवढ्या मोठ्या जगात त्यांना 'जरा उठा' असं कुणी म्हणत नसे अशी जागा ही एकच. तिच्यावर त्यांचा जीव होता, आणि ती गेली तर उरलेलं आयुष्य उभ्यानं काढावं लागणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

म्हणून तोंडातला वेफर गिळून ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझी गाडी येणार आहे."

"कुठली?" कोठेकरांनी विचारलं.

आदल्याच संध्याकाळी त्या खुर्चीत बसून हेमंतरावांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. जपानच्या दोन हाडवैरी कंपन्या, दोघींच्या दोन सुपरकार. एक हायब्रिड, दुसरी निव्वळ विजेवरची, आणि दोन्ही अजून यायच्या आहेत. त्यातलं 'यायच्या आहेत' एवढंच त्यांना त्या क्षणी आठवलं. आलेली गाडी लोकांना दाखवावी लागते. न आलेल्या गाडीला कोण काय विचारणार, अशी त्यांची भाबडी समजूत.

"जपानी सुपरकार," ते म्हणाले. "दोन कंपन्यांच्या दोन आहेत. एक हायब्रिड, एक इलेक्ट्रिक. अजून बाजारात आलेल्या नाहीत. माझी तुलना चालू आहे."

थाप मारायचीच तर माणसानं एखाद्या लहानशा सेकंडहँड गाडीपाशी थांबावं. पण मध्यमवर्गीय माणूस सगळीकडे काटकसर करतो आणि नको तिथे सढळ होतो.

लोकांनी हसून सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं. लोकांनी विश्वास ठेवला. मीनाताईंच्या माहेरची बदलापूर गावातली जमीन नव्या महामार्गात गेली असणार, असं मागच्या रांगेत तिथल्या तिथे ठरलं. मीनाताईंच्या माहेरी जमीन नव्हती, चिंचेची दोन झाडं होती आणि त्यांवरही भाऊबंदांचा दावा होता. पण अफवेला सातबारा लागत नाही.

कोठेकर मात्र मुरलेले. त्यांनी अभिनंदनाचा ठराव मांडला आणि लगेच पुढे म्हणाले, "विषय तूर्त तहकूब. पण पडवळ, ती तुलना सभासदांपुढे येऊ द्या. इलेक्ट्रिक घेणार असाल तर चार्जिंगची सोय बघावी लागेल. तसा अर्ज द्या."

हेमंतरावांनी मुकाट्यानं अर्ज दिला. घरी आल्यावर मीनाताईंनी एवढंच विचारलं, "मागच्या वर्षी मी विजेची स्कूटर घेऊ का म्हटलं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

"विजेच्या गाड्यांचा अजून भरवसा नाही," हेमंतराव पुटपुटले.

मीनाताई बदलापूर गावातल्या शाळेत शिकवत आणि जाता-येता रिक्षांसाठी ताटकळत. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा मनात काहीतरी ठरलेलं असतं, हे हेमंतरावांना इतक्या वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात तेव्हा जपान होता.

त्यांनी अभ्यास सुरू केला, कारण खोटं बोलून वर चुकीची माहिती देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. हायब्रिडमध्ये इंजिनही आहे आणि मोटारही, त्यामुळे ती गुरगुरते. इलेक्ट्रिक आवाज करत नाही, पण डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दिसेनाशी होते. हायब्रिड वजनाला जड, इलेक्ट्रिक त्याहून जड. अर्ध्या गोष्टी कंपन्यांनी जाहीर केल्या नव्हत्या आणि उरलेल्यांवर व्हिडिओवाल्यांचं आपसात पटत नव्हतं. हेमंतराव भाजी आणायला निघाले तरी डोक्यात अश्वशक्ती असे आणि पिशवीत कोथिंबिरीऐवजी पालक येई.

सोसायटीनं तर ती तुलना दत्तकच घेतली. तळमजल्यावरच्या इंदुबाईंनी दोन्ही गाड्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे एक दोन्हीकडचं खाणारी आणि दुसरी उपासाची. उपासाची घ्या हो. घरात शांतता राहील." तेव्हापासून इमारतीत गाड्यांना तीच नावं पडली. तिसऱ्या मजल्यावरचा रूपेश मात्र दोन्हीकडचं खाणारीच्या बाजूचा. "काका, शुक्रवारी लाइट जाते आपल्याकडे. उपासाची घेतली तर शनिवारी बॉसला काय सांगणार, गाडीला चक्कर आली? डबलवाली घ्या, टेन्शन नाय." रोज संध्याकाळी हेमंतराव खुर्चीत बसले की भोवती दोन्ही पक्ष उभे राहत. जागा वाचवायला थाप मारली होती आणि जागेत बसणंच मुश्कील झालं होतं. त्यांनी एकदा तक्रारीच्या सुरात तसं म्हटलं, तर रूपेश म्हणाला, "काका, सुपरकारवाल्याला प्रायव्हसी कुठली?"

मग कोठेकरांनी टेप आणली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून पार्किंगच्या तोंडाशी सिमेंटचा उंचवटा घातलेला होता. कोठेकर त्याच्यापाशी उकिडवे बसले, मापं घेतली आणि गुडघे धरत उठले. "पडवळ, तुमच्या दोन्ही गाड्या जमिनीपासून चार बोटं. आपला उंचवटा वीतभर. गाडी आत येणारच नाही. आणि येणार नसेल तर जागा कशाला अडवायची?"

"तिरकी घेतली तर येते," हेमंतराव म्हणाले. हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं, पण अपमान झाला की माणसाला ज्ञान सुचतं.

"मग दाखवा," कोठेकर म्हणाले. "रविवारी समिती बघेल."

न आलेली गाडी कशी दाखवणार? हेमंतरावांनी रात्रभर कूस बदलली आणि शेवटी त्यांना सुचलं की गाडी नसली तरी तिची मापं आहेत. बांबूचा सांगाडा करायचा, गाडीएवढाच लांब, रुंद आणि बुटका, आणि तो उंचवट्यावरून तिरका नेऊन दाखवायचा. उल्हासनगरात त्यांच्या ओळखीचा एक मंडपवाला होता, लच्छू सेठ. हेमंतराव त्याच्याकडे गेले आणि मापं पुढे ठेवली. तुलना पूर्ण न झाल्यामुळे त्यांनी लांबी दोन्हीकडचं खाणारीची घेतली आणि उंची उपासाचीची. अशी गाडी जपानात कुणीच बनवलेली नव्हती.

लच्छू सेठनं चष्मा कपाळावर चढवला. "साईं, ढाँचा क्यों? बोलो तो पूरी गाड़ी बना देता हूँ. जपानवाला खुद आके पूछेगा, मैंने कब बनाई."

"नको नको. फक्त बांबू," हेमंतराव म्हणाले.

रविवारी सकाळी ते निघाले तेव्हा मीनाताईंनी दारातून सांगितलं, "उल्हासनगरला जाताच आहात तर येताना पाण्याला एक लहानसा माठ आणा. फ्रीजच्या पाण्यानं अनुयाचा घसा धरतो." हेमंतरावांनी मान डोलावली. घरची कामं विसरायची नाहीत, एवढं एक व्रत त्यांनी संसारात पाळलं होतं.

सांगाडा तयार होता. लच्छू सेठ कामाचा चोख, पण हौशी. नुसते बांबू बरे दिसेनात म्हणून त्यानं त्यावर मंडपाचं पांढरंशुभ्र कापड ताणून बसवलं होतं आणि नवी गाडी म्हणून शकुनाच्या झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. टेंपोवाल्यानं प्रदक्षिणा घातली आणि हात झटकले. दोन्ही बाजूंनी एवढं बाहेर आलं तर चौकात पावती फाटेल, म्हणाला. मग लच्छू सेठनं आपल्या मंडपावरची चार माणसं दिली. त्यांचा म्होरक्या नवसू, बारवीकडच्या पाड्यावरचा. त्यानं सांगाड्याखाली वाकून पाहिलं.

"सायेब, हिच्यात मानूस बसंल कुठं? झोपून चालवाची का?"

"सुपरकार अशीच असते," हेमंतराव म्हणाले.

चौघांनी सांगाडा खांद्यावर घेतला. हेमंतरावांनी वाटेत कुंभाराकडून माठ घेतला. लहान मिळाला नाही, मडकंच मिळालं. ऊन चढलं होतं म्हणून खांद्यावरचं पांढरं उपरणं त्यांनी डोक्यावर घेतलं. मडकं फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि रस्ता दाखवायला ते पुढे झाले.

वाचकांच्या जे लक्षात आलं ते हेमंतरावांच्या आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मडक्यावर.

समोरून येणारी स्कूटर थांबली, तिच्यावरच्या माणसानं हेल्मेट काढलं. सायकलवाला उतरला. एका दुकानदारानं शटर निम्मं ओढलं. हेमंतरावांना बरं वाटलं. मापांच्या बाबतीत लोक इतके गंभीर असतील अशी त्यांची कल्पना नव्हती. बुवापाड्यापाशी आले तेव्हा मागे बरीच पावलं वाजत होती, पण मडकं धरलेल्या माणसाला वळून बघता येत नाही. परोपकारी वस्ती ती. चौघांच्याच खांद्यावर एवढं लांबरुंद पाहून लोक धावले आणि खांदा देऊ लागले. नवसूनं आधी नको नको म्हटलं, पण पुण्य मिळवायला आलेल्या माणसाला अडवता येत नाही. भार उतरल्यावर तो आणि त्याचे जोडीदार चहा प्यायला थांबले. आता सांगाड्याखाली जी माणसं होती त्यांना सांगाडा कुठे न्यायचा हे सांगावं लागत नव्हतं.

तिठ्यावर हेमंतराव डावीकडे वळणार, तोच एका वयस्क गृहस्थानं त्यांचा दंड धरला. "उजवीकडून, उजवीकडून. तुम्हाला आत्ता काही सुचणार नाही. आम्ही आहोत."

हेमंतरावांना गहिवरून आलं. महिनाभरात त्यांच्या बाजूनं असं कुणी बोललं नव्हतं. ते उजवीकडे वळले.

फाटकावरची पाटी वाचली तेव्हा ते फाटकाच्या आत होते. टेबलामागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "लाकूड का इलेक्ट्रिक?"

महिनाभर सकाळ-संध्याकाळ हाच प्रश्न ऐकलेल्या माणसाचं तोंड आपोआप उघडलं. "अजून ठरलं नाही. तुलना चालू आहे."

"लवकर ठरवा. इलेक्ट्रिकला थांबावं लागेल, लाइट नाही. नाव?"

"नाव कंपनीनं अजून जाहीर केलेलं नाही."

"वय?"

"ती अजून यायची आहे."

कारकुनानं आता मान वर केली. शोकात माणसं कशी बोलतात याची त्याला सवय होती, म्हणून त्यानं आवाज मऊ केला. "बरं, राहणार कुठले?"

"जपान."

"मग तिकडच्या डॉक्टरचा दाखला लागेल," कारकून म्हणाला. "आणलाय का?"

इथे हेमंतरावांना धीर धरवेना. मडकं टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगून टाकलं, पार्किंगपासून उंचवट्यापर्यंत. कुणीतरी कापड उचलून आत पाहिलं. आत नुसती हवा होती. पुण्य मिळवायला आलेल्या माणसांना पुण्य परत घेतल्यासारखं झालं आणि ती हेमंतरावांकडे अशी बघू लागली की मेलेलं कुणी नाही हा त्यांचाच अपराध. ज्या गृहस्थांनी दंड धरला होता ते तर म्हणाले, "निदान पुढे पाटी तरी लावायची." कारकुनानं वेगळाच मुद्दा काढला. मयत नसताना अंत्ययात्रा आत आणायला परवानगी लागते, असं त्याचं म्हणणं. तशी परवानगी कुठे मिळते ते त्यालाही माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी मागितली नव्हती. शेवटी चूक झाली असं लिहून दिल्यावर सुटका झाली. खांदेकरी पांगले. नवसूला शोधून आणून सांगाडा सोसायटीत पोचेपर्यंत ऊन कलत आलं होतं.

फाटकात चपलांचा ढीग होता. पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली होती. रूपेशनं बाजारातून येताना तिठ्यावर गर्दी पाहिली होती, 'पडवळांचं आहे' एवढं त्याच्या कानावर पडलं होतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर हेमंतरावांचा दोन वर्षांपूर्वीच्या सत्यनारायणातला फोटो हार घालून गेला होता. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. इंदुबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. "शेवटी उपासाचीच घ्यायचं मनात होतं हो त्यांच्या," असं त्या सांगत होत्या. हेमंतराव मडकं घेऊन समोर उभे राहिले तेव्हा पहिल्यांदा त्यांना कुणी ओळखलंच नाही. ओळखल्यावर काहींना आनंद झाला आणि काहींची दुपारची झोप फुकट गेली.

मीनाताई सतरंजीवर नव्हत्या. त्या वर भात टाकत होत्या. ही बातमी सांगायला गेलेल्या बायकांना त्या म्हणाल्या होत्या, "मी त्यांना माठ आणायला सांगितलाय. आणल्याशिवाय ते जायचे नाहीत."

हेमंतरावांना हे ऐकून आतून भरून आलं. जगात आपल्याला ओळखणारं एक तरी माणूस आहे असं त्यांना वाटलं. तेवढ्यात कोठेकर पुढे आले. त्यांनी हेमंतरावांचा हात हातात घेतला, तो जिवंत माणसाचा आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "फार आनंद झाला. पण पडवळ, एक अडचण झालीय."

अडचण अशी. सगळे जमलेच होते आणि समितीही पूर्ण होती, म्हणून दुखवट्याचा ठराव घेतला गेला. नुसता दुखवटा कोरडा वाटतो म्हणून कुणीतरी सुचवलं की कैलासवासींची अखेरची इच्छा चार्जिंगची होती, त्यांचा अर्जही आहे, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्याच जागेत सर्व सभासदांसाठी चार्जिंग पॉइंट बसवावा. एकमतानं मंजूर.

"पण मी जिवंत आहे," हेमंतराव म्हणाले.

"ते दिसतंय. पण ते विषयपत्रिकेवर नव्हतं," कोठेकर म्हणाले. "ठराव फिरवायचा तर सर्वसाधारण सभा लागते. ती आता पुढच्या वर्षी."

उंचवट्याची परीक्षा झालीच नाही. सांगाडा गच्चीवर गेला आणि इंदुबाईंनी त्यावर कारल्याचा वेल सोडला. सांगाडा एवढा बुटका असल्यामुळे कारली काढायला त्यांना पोटावर झोपावं लागतं, पण त्या सगळ्यांना कौतुकानं सांगतात की जपानी मांडव आहे. रूपेश अजून म्हणतो की डबलवाली घेतली असती तर ही वेळ आली नसती.

सोसायटीत गळकी टाकी दुरुस्त व्हायला वर्ष लागतं, पण श्रद्धांजलीचं काम कुणी रखडवत नाही. आठवड्यात खांबावर पेटी बसली, खाली प्लग आला, वर 'कै.' शब्द खरडून काढलेली हेमंतरावांच्या नावाची पाटी लागली. हेमंतरावांनी तशातही समाधान शोधलं. जागा कोठेकरांना गेली नव्हती. पेटी खांबाला चिकटून होती, ती काही बोलत नव्हती, आणि उपासाची गाडी जपानहून यायला अजून बराच अवकाश होता. त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची पुसली, नेहमीसारखी खांबाला टेकवली आणि डोळे मिटून बसले. महिनाभरानं भोवती कुणी नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं, इतकं की ही तुलना, ही धावपळ, ते मडकं, सगळं कारणी लागलं असं त्यांच्या मनात आलं.

फाटकातून काहीतरी आवाज न करता आत आलं. हेमंतरावांनी डोळे उघडले. पिस्ता रंगाची नवी कोरी विजेची स्कूटर, हँडलला हार, आणि तिच्यावर शाळेची पिशवी अडकवलेल्या मीनाताई. सभेत चार्जिंगचा अर्ज झाला त्याच दिवशी त्यांनी ती नोंदवली होती. त्यांच्या मागे रूपेश मित्राची तसलीच स्कूटर घेऊन उभा होता आणि म्हणत होता, "काकू, तुमचं झालं की मी." त्याच्याही मागे कोठेकरांची दुसरी गाडी आत शिरत होती. ती उपासाची आहे हे सोसायटीत आजवर कुणाला माहीत नव्हतं.

मीनाताईंच्या चेहऱ्यावर असा आनंद हेमंतरावांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यामुळे त्यांना रागावताही येईना. त्या स्कूटर खांबाजवळ घेऊन आल्या, वायर सोडवली आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "जरा उठा. तुमच्या मागे प्लग आहे."

हेमंतराव उठले. खुर्ची कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते तसेच उभे राहिले.